संध्याकाळची मोजणी

आमच्याकडे दिवेलागणीला शुभंकरोतीच्या आधी हत्यारं मोजली जात. मागच्या व्हरांड्याच्या भिंतीवर बाबांनी प्लायवुडचा एक भलामोठा फळा ठोकला होता. पांढऱ्या रंगाच्या त्या फळ्यावर हातोडी, पाने, कानशी, करवती अशी सगळी हत्यारं आपापल्या खिळ्यांवर टांगलेली असत आणि प्रत्येकाच्या मागे त्याच आकाराची काळी सावली रंगवलेली असे. हातोडी उचलली की तिच्या जागी काळी हातोडी उरायची. म्हणजे काय नाहीये ते लांबूनसुद्धा दिसायचं. एकूण अठ्ठेचाळीस हत्यारं. काम संपलं की ती एकेक करून मोजायची, मग सगळ्या घराला ऐकू जाईल असा आकडा मोठ्यानं सांगायचा, आणि स्वयंपाकघरातून आई म्हणायची, ‘ऐकलं.’ तिनं तसं म्हटल्याशिवाय मोजणी पुरी झाली असं बाबा मानत नसत. मग ते दाराशी अडकवलेल्या वहीत सही करायचे आणि कधी एकदा जेवतो असं झालेल्या आम्हा भावंडांची सुटका व्हायची.

ही पद्धत त्यांनी हवाई दलातून आणली होती. तिथे ते विमानांच्या सांगाड्याचं काम करत. सार्जंट होऊन निवृत्त झाले तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती, म्हणून मग भोपाळच्या कारखान्यात दुसरी नोकरी धरली आणि आम्ही गोविंदपुऱ्याच्या अंगाला असलेल्या वसाहतीत राहायला आलो. सगळी वसाहत त्यांना सार्जंट साब म्हणे. विमानाचं काम झाल्यावर एक जरी हत्यार कमी भरलं तर ते सापडेपर्यंत विमान जागचं हलत नाही, हे मला शाळेत बे एके बे शिकवायच्या आधीपासून ठाऊक होतं. पण आमच्या व्हरांड्यातून उडायचं होतं काय? शेजारच्या बाईंचा पंखा, कुणाचा रेडिओ, कुणाची शेगडी. आई कधीकधी वैतागून म्हणायची, ‘अहो, मिक्सर काय आकाशात जाणार आहे का?’ त्यावर बाबा शांतपणे म्हणायचे, ‘मिक्सर नाही गं. सवय जाते.’

कारखान्याचा भोंगा झाला की पाचव्या-सातव्या मिनिटाला त्यांची सायकल फाटकाशी वाजायची. चहा घ्यायचा, बशीत ओतून, व्हरांड्यातल्या स्टुलावर बसून, समोर जे बिघडलेलं असेल त्याच्याकडे बघत. लगेच हात लावायचे नाहीत. पंखा असेल तर आधी तो चालू करून डोळे मिटून ऐकायचे. त्या वेळी त्यांच्याशी बोललेलं त्यांना खपत नसे. मशीन तेलाचा वास, आईनं खमंग भाजलेल्या भाजणीचा वास आणि बाहेर कुणाच्या तरी अंगणातल्या रातराणीचा वास, हे तिन्ही मला अजून वेगळे करता येत नाहीत. कामाच्या अधेमधे ते काहीबाही विचार बोलून दाखवत. एकदा म्हणाले, लोक बिघडलेली वस्तू आणून देताना अशी ओशाळून का देतात कळत नाही, जणू पंख्याचं बेअरिंग त्यांनीच खाल्लंय. एकदा तासभर एका गळक्या नळाशी झुंजून म्हणाले, नळ गळतोय हे शेजाऱ्याला आधी ऐकू येतं, घरच्याला सर्वात शेवटी. मी समोर बसून हे सगळं ऐकत असे आणि त्यांनी हात पुढे केला की मागायच्या आधी योग्य तो पाना त्यात ठेवत असे. ते जमायला लागलं त्या दिवसाचा आनंद मला पुढे कॉलेजच्या निकालातही मिळाला नाही.

मोजणी माझ्याकडे आली ती नववीत. तोवर ती बाबा स्वतः घेत. नागपूरचे मामा आले होते, त्यांच्यासमोरच बाबांनी जाहीर केलं की आजपासून फळा सुनीचा. सुनी म्हणजे मी, सुनंदा. मामा हसून म्हणाले, ‘दाजी, पोरीला शिवणकाम शिकवा, पाने काय पिळवता तिच्याकडून.’ बाबांनी सरळ वही माझ्या हातात दिली. अट एकच सांगितली. मोजणी चुकली, तर महिनाभर फळ्याला हात नाही. मामांच्या त्या हसण्यामुळे म्हणा किंवा वहीमुळे म्हणा, तो फळा माझ्यापासून सुटू नये याची मला इतकी धास्ती बसली की मी दोन-दोनदा मोजायची. (अजूनही मोजते. कोलार रोडला आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये मी एक कोपरा अडवलाय. तो फळा तिथे आहे, आणि सोसायटीतले मिक्सर माझ्याकडे येतात. नवरा बँकेतून निवृत्त झालेला माणूस. तो म्हणतो, मोजतेस ते ठीक, पण ओरडून सांगतेस कुणाला?)

त्या वर्षी वसाहतीच्या आनंदमेळ्यासाठी बाबांनी मुलांचा पाळणा करायला घेतला. साधा नाही, विमानांचा. मधोमध उभा खांब, ट्रकच्या जुन्या चाकाच्या तुंब्यावर, म्हणजे मधल्या भरीव भागावर, फिरणारा. त्याला सहा हात, प्रत्येक हाताला लाकडाचं एक विमान, विमानात एक मूल. खाली पत्र्याच्या पेटीत सायकलच्या साखळ्या आणि दातेरी चाकं. बाहेरचा दांडा एका माणसानं फिरवला की वर सहाही विमानं गिरक्या घ्यायची. गणपतीपासून जानेवारीपर्यंत हे काम चाललं. भंगारवाल्यांकडे खेपा झाल्या, जवाहर चौकातून रंग आणला. विमानांना निळा रंग मी दिला आणि माझा धाकटा भाऊ अभय रोज एकेका विमानात बसून कुठलं आपलं हे ठरवत राहिला. समोरचे सक्सेना अंकल मेळ्याच्या कमिटीत होते. ते येताजाता थांबून म्हणत, ‘सार्जंट साब, इस बार तो मेला आपके ही नाम रहेगा.’ बाबा वरवर मान हलवत, पण त्या दिवशी जेवताना एक पोळी जास्त खात.

मेळ्याच्या आधीच्या शनिवारी शाळा अर्धा दिवस होती. पेटीतले नट हिसक्यांनी सैल होऊ नयेत म्हणून त्यांना बारीक तारेनं एकमेकांना बांधायचं काम बाबांनी माझ्यावर सोपवलं होतं. विमानात तसंच बांधतात. त्यासाठी चोचीची पकड लागते, लांब निमुळत्या तोंडाची. कपडे बदल म्हणून आई सांगत होती, पण मी गणवेशातच पेटीपाशी मांडी ठोकली आणि भोंगा होईपर्यंत चोवीस नट बांधले. बाबा आले, त्यांनी टॉर्च मारून एकेक तार पाहिली आणि म्हणाले, ‘माझ्याहून बरं बांधलंस.’ तेवढ्यात सक्सेना अंकल कमिटीच्या बैठकीसाठी दारात स्कूटर चालू ठेवून हॉर्न द्यायला लागले. पेटीचं झाकण लावण्याआधी हत्यारं मोजायची हा बाबांचा स्वतःचा नियम. त्या दिवशी त्यांनी मला फक्त विचारलं, ‘सगळं बाहेर आहे ना?’ मी म्हटलं, ‘हो.’ त्यांनी झाकणाचे स्क्रू आवळले, मला ‘मोजणी घे’ म्हणाले आणि गेले.

मी हातपाय धुतले, कपडे बदलले आणि फळ्यासमोर उभी राहिले. वरच्या ओळीत तिसऱ्या खिळ्यावर चोचीच्या पकडीची काळी सावली नुसतीच दिसत होती. आधी काही वाटलं नाही. पेटीभोवती पाहिलं, स्टुलाखाली पाहिलं, दप्तर उलटं केलं. पेटीच्या बाजूला हात जाईल एवढी फट होती. त्यातून कोपरापर्यंत हात घालून चाचपलं. हाताला ग्रीस लागलं, पकड लागली नाही. झाकण उघडायचं तर बाबांना सांगायला हवं होतं, आणि सांगायचं तर मघाचं ‘हो’ खोटं होतं हेही सांगायला हवं होतं. ‘माझ्याहून बरं बांधलंस’ हे शब्द अजून ताजे होते. आत आई पोळ्या लाटत होती. मी फळ्याकडे तोंड करून मोठ्यानं म्हटलं, ‘अठ्ठेचाळीस.’ आई म्हणाली, ‘ऐकलं.’

बाबा बैठकीहून रात्री उशिरा आले आणि रविवारी उजाडताच मैदानावर गेले. दुपारी घरात सगळे झोपलेले असताना मी एका जुन्या वहीच्या पुठ्ठ्यातून पकड कापली. विमानांच्या नाकावरच्या पंख्यांना दिलेला चंदेरी रंग उरला होता, तो तिला दोन हात दिला. काळ्या सावलीवर ती टांगली तेव्हा माझी मलाच भीती वाटली, इतकी ती खरी दिसत होती. बाबांना त्या आठवड्यात जोडपाळी होती आणि उरलेल्या वेळात मैदानावर खांबाचा खड्डा. ते दारातूनच फळ्यावर एक नजर टाकायचे, माझा आकडा ऐकायचे आणि सही करायचे.  आठवडाभर मी स्वतःला समजावत होते की पकड शाळेत पडली, बसमध्ये पडली, कुठेही पडली, पण पेटीत नाही. पाळणा मैदानावर उभा राहिला, त्यात वाळूची पोती बसवून बाबांनी तो शंभर फेरे फिरवून पाहिला, तेव्हा कुठे मी निवांत झोपले.

मेळ्याच्या दिवशी मैदान फुलून गेलं होतं. एका टोकाला मराठी मंडळाच्या स्टॉलवर आई थालीपिठं लावत होती आणि तव्यासमोरून तिला हलताही येत नव्हतं. बंगाली मंडळींचे चॉप होते, केरळी शेजारणींचे आप्पम होते, पण खरी रांग होती आमच्या पाळण्यापुढे. कारखान्याच्या मोठ्या साहेबांच्या पत्नीनं फीत कापली. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि दांडा स्वतः धरला होता. पहिली फेरी झाली, दुसरी झाली, टाळ्या पडल्या. तिसऱ्या फेरीला अभय आणि आजूबाजूच्या क्वार्टरांतली पाच पोरं बसली. वेग चढला आणि खालून आवाज आला. टक्. पुढच्या गिरकीला पुन्हा, टक्. बाजूच्या लाउडस्पीकरमुळे तो कुणाला ऐकू गेला नसावा. पण मी ऐकायला शिकलेली होते. लांब लोखंडी चोच साखळीत अडकली तर काय होईल हे मला वाचून माहीत नव्हतं, डोळ्यांनी दिसत होतं. अभय वरून मला हात करत होता.

मी दोरी ओलांडून बाबांपाशी गेले आणि म्हणाले, ‘बाबा, थांबवा. मोजणी खोटी आहे.’

त्यांनी ‘काय’ म्हणून विचारलं नाही. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दांड्यावर अंगाचा भार टाकत त्यांनी वेग हळूहळू उतरवला, पाळणा पुरता थांबवला, सहाही पोरं स्वतः उचलून खाली ठेवली. मग मला विचारलं, ‘काय कमी आहे?’

‘चोचीची पकड. आठ दिवसांपासून. फळ्यावर आहे ती पुठ्ठ्याची आहे.’

माझ्या मागे रांगेतल्या बायका, सक्सेना अंकल आणि मोठ्या साहेबांच्या पत्नी उभ्या होत्या. बाबांनी मान डोलावली आणि पेटीचे स्क्रू काढायला बसले. दोन तास लागले. प्रत्येक चाक, प्रत्येक साखळी सुटी करून त्यांनी चादरीवर मांडली. आवाज खांबाच्या बुडाशी सैल झालेल्या लाकडी पाचरीचा होता, तो लगेच कळला. पकड नव्हती. सक्सेना अंकल घड्याळ बघत म्हणाले, ‘नहीं है ना अंदर? तो चलाइए अब। बच्चे खड़े हैं।’ बाबा म्हणाले, ‘गिनती पूरी नहीं है, साब।’ अंकल म्हणाले, ‘अरे, यह कोई हवाई जहाज है क्या?’ रांगेतून कुणीतरी ‘फौजी दिमाग’ म्हणून हसलं. बाबांनी ते ऐकलं, कारण त्यांचे कान लाल झाले. पण पाळणा काही त्यांनी जोडला नाही. चार महिने खपून केलेला तो पाळणा मेळ्यात एकूण अडीच फेऱ्या फिरला, आणि बाकी दिवसभर सहा निळी विमानं नुसती टांगून राहिली. मी त्यांच्या शेजारी उभी होते. जमीन दुभंगावी वगैरे म्हणतात ते मला त्या दिवशी शब्दशः वाटलं. निघून जाता आलं असतं, पण बाबा तिथे होते म्हणून मीही थांबले.

संध्याकाळी आम्ही घरी आलो.  अभय विमानाच्या दुःखात मुसमुसत होता. आई रिकामी पातेली घेऊन मागून आली. तिला एवढंच कळलं होतं की सार्जंट साबचा पाळणा बिघडला. ‘झालं काय नेमकं?’ तिनं विचारलं. मी सगळं सांगितलं, शनिवारपासूनचं, पुठ्ठ्यासकट. मध्येच तिनं विचारलं, ‘कुठली पकड?’ मी चोचीची म्हणाले. तिनं पातेलं खाली ठेवलं, आतल्या खोलीत गेली, शिवणाच्या मशीनचा ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन तिनं पकड स्टुलावर ठेवली.

‘रविवारी तुझा गणवेश भिजवताना खिशात सापडली,’ ती म्हणाली. ‘मला वाटलं शाळेतली असेल, नाहीतर कुणाची तरी. विचारीन विचारीन म्हटलं आणि भाजणीच्या गडबडीत राहून गेलं. सुई अडकली होती, ती काढली मी हिनं.’ मग जरा थांबून म्हणाली, ‘आपली असेल असं मनात कसं येणार? मोजणी तर रोज पूर्ण येत होती.’

हे वाक्य मी आयुष्यभर वागवते आहे. शनिवारी मी नुसतं ‘सत्तेचाळीस’ म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी आईनं खिशातून पकड काढून माझ्या हातात दिली असती. मोठ्यानं आकडा सांगायचा तो काही शिस्तीचा दिमाख म्हणून नव्हे, ज्याच्याकडे हत्यार आहे त्याला कळावं म्हणून, ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात तेव्हा शिरली. आठ दिवस ती पकड माझ्यापासून दहा पावलांवर होती आणि माझ्याच आकड्यानं ती हरवलेली राहिली होती.

बाबांनी पकड उचलली, पुसली, तिच्या तोंडाला तेलाचा थेंब लावला. फळ्यावरून पुठ्ठ्याची काढून त्या जागी खरी टांगली. पुठ्ठ्याची हातात घेऊन थोडा वेळ उलटसुलट पाहत राहिले. ‘काम चांगलं केलंयस,’ म्हणाले. मला रडू फुटलं. मी म्हटलं, ‘महिनाभर फळ्याला हात लावणार नाही.’

‘लावायचा नाहीच,’ ते म्हणाले. ‘मीही नाही लावणार. झाकण न मोजता मी लावलं. तू हो म्हणालीस आणि मी न बघता मानलं. माझी ही दुसरी वेळ आहे.’

मग चहाची वाट न बघता, स्टुलावर बसून, फळ्याकडे बघत त्यांनी सांगितलं. हवाई दलात नवे होते तेव्हाची गोष्ट. एका सकाळी विमानाचं काम आटोपलं आणि एक पेचकस कमी भरला. जोडीदार म्हणाला, माझ्या पेटीत आहे, कर सही. यांनी केली. विमान वर गेलं, मग जोडीदारानं पेटी उघडली, तर पेचकस नव्हता. ‘टेलिफोन दहा पावलांवर होता,’ बाबा म्हणाले. ‘एक शब्द बोललो असतो तर विमान परत बोलावलं असतं. पण मग चौकशी झाली असती, नोकरी गेली असती. घरी पैसे पाठवणारा मी एकटा. मी उभा राहिलो. पाऊण तास धावपट्टीच्या कडेला नुसता उभा. विमान उतरलं. पेचकस सीटखाली सापडला, तो मी खिशात घातला. वैमानिकानं खाली उतरून माझ्या पाठीवर थाप मारली, मशीन झकास आहे म्हणाला. ती शाबासकी मी घेतली.’

त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की मला पुढे वाकावं लागलं. ‘तू चालता पाळणा थांबवलास, सुनी. एवढ्या लोकांत. माझ्याच्यानं ते झालं नव्हतं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.’

व्हरांड्यात अंधारून आलं होतं. शेजारी कुणीतरी अंगणात पाणी शिंपत होतं.  स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज कधीच थांबला होता, हे माझ्या आत्ता लक्षात आलं. मग आतून आईचा आवाज आला, रोजच्यासारखाच.

‘ऐकलं,’ ती म्हणाली.

बाबांनी वही घेतली आणि त्या दिवसाची सही केली.